पुण्यातल्या प्लेगवर प्रोजेक्ट: संदर्भ शोधायचे कुठे आणि पारखायचे कसे?

टीवाय_इतिहास
टी.वाय.बी.ए.ला 'पुण्यातला प्लेग, 1897' या विषयावर तीन हजार शब्दांचा पेपर द्यायचा आहे. किमान दहा संदर्भ, त्यातले तीन प्राथमिक, म्हणजे त्या काळातली मूळ साधनं. सध्या हाताशी विकिपीडिया, चार ब्लॉग, आयएसएसएन असलेल्या एका जर्नलची पीडीएफ आणि चॅटजीपीटीने सुचवलेले दोन लेख आहेत. ते दोन लेख कुठेच सापडत नाहीत. शिवाय पुण्याच्या प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्या मृत्यूची तारीख दोन ब्लॉगवर वेगवेगळी आहे. यातलं काय ठेवू, काय काढू?

तळटीप
आधी विषय आवळा. 'पुण्यातला प्लेग' यावर तीन हजार शब्दांत काहीच धड होत नाही. 'लष्कराच्या घरझडतीला झालेला विरोध' एवढंच धरलंत तर काय शोधायचं हे आपोआप ठरेल.

गूगल स्कॉलरवर 'पुणे' टाकून जुनं फारसं हाती लागणार नाही. इंग्रजीत 'पूना'चं जुनं स्पेलिंग, 'ब्युबॉनिक प्लेग' आणि 1897 असं टाका. मराठीत 'ग्रंथिक सन्निपात' हा तेव्हाचा शब्दही टाकून बघा. एक चांगलं पुस्तक मिळालं की त्याचा माग दोन्हीकडे काढायचा: मागे त्याच्या तळटिपांत आणि पुढे 'सायटेड बाय'मध्ये, म्हणजे त्या पुस्तकाचा संदर्भ देणाऱ्या नंतरच्या लेखनाच्या यादीत. डेव्हिड आर्नॉल्ड यांच्या 'कलोनायझिंग द बॉडी'त (1993) प्लेगवर स्वतंत्र प्रकरण आहे, तिथून सुरुवात करा.

शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा) प्रबंधाची प्रकरणं वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात. सगळा प्रबंध उतरवत बसू नका, आधी संदर्भसूचीची फाइल उघडा. वीस मिनिटांत कामाची पंधरा नावं मिळतात. जेस्टोर या जर्नल-लेखांच्या साइटवर फुकट खातं काढलं की महिन्याला 100 लेख ऑनलाइन वाचता येतात. ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकांसाठी कॉलेजचं एन-लिस्ट लॉगिन ग्रंथपालांकडे मागा, बऱ्याच मुलांना ते असतं हेच माहीत नसतं.

रँडबद्दल: गोळीबार 22 जून 1897 चा, गणेशखिंड रस्त्यावरचा. त्याच हल्ल्यात सापडलेला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड 3 जुलैला. 'रँड 22 जूनला मेला' असं लिहिणाऱ्या ब्लॉगने कुठून तरी उतरवलंय. अशी एक पक्की तारीख हाताशी ठेवा आणि प्रत्येक पान तिच्यावर घासून बघा. एवढ्यावरून पान अख्खं बाद होत नाही, पण त्यातली बाकीची वाक्यं दुसरीकडे तपासल्याशिवाय घेऊ नका.

दप्तरबंद
प्राथमिक साधनांत घाई केली की हमखास एक चूक होते. मुंबईच्या प्लेग समितीचा प्रमुख गॅटेकर याचा 1897 चा छापील अहवाल इंटरनेट अर्काइव्हवर सहज सापडतो म्हणून सगळे तो लावतात. तो मुंबईचा आहे, पुण्याचा नाही! पुण्याच्या समितीचा प्रमुख रँड होता. तुलनेसाठी वापरा, पण पुण्याच्या घटनेला पुरावा म्हणून नको.

वर्तमानपत्रांसाठी 'रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स' बघा. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, तिथे जाताना विभागप्रमुखांचं लेटरहेडवरचं पत्र आणि ओळखपत्र न्या. हे अहवाल म्हणजे सरकारी अनुवादकांनी निवडून केलेले इंग्रजी सारांश. सरकारला काय खटकलं हे त्यातून उत्तम कळतं, गावात काय घडलं हे तेवढं नाही. मूळ 'केसरी'लाही तोच नियम लावा. संपादकांवर त्याच वर्षी राजद्रोहाचा खटला होऊन 18 महिन्यांची शिक्षा झाली; हे वर्तमानपत्र त्या वादातला एक पक्षच होतं.

आकड्यांचंही तसंच. उदाहरणार्थ, मुंबईची लोकसंख्या 1891 ला 8,21,764 आणि 1901 ला 7,76,006. ही घट म्हणजे प्लेगचे बळी असं लिहू नका. त्यात शहर सोडून गेलेलेही आहेत, दहा वर्षांचे इतर जन्ममृत्यूही आहेत. उलट मृत्यूच्या नोंदी कमी पडतात, कारण झडतीच्या आणि सक्तीने दवाखान्यात नेण्याच्या धास्तीने लोक आजारी माणूस लपवत.

पीअर_रिव्ह्यू
आयएसएसएन हा फक्त नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक, दर्जाचा शिक्का नव्हे. त्या जर्नलचं मुखपृष्ठ उघडा. 'तीन दिवसांत प्रसिद्धी', एकाच अंकात वनस्पतिशास्त्रापासून वाणिज्यापर्यंत सगळं, संपादक मंडळात नुसती नावं आणि संस्था नाहीत, असं दिसलं की सोडून द्या. 'यूजीसी केअर मान्यताप्राप्त' या पट्टीवरही जाऊ नका. ती मान्य जर्नलांची यादी यूजीसीने 2025 मध्ये बंद केली, पट्ट्या मात्र अजून झळकतायत.

एआयने दिलेले ते दोन लेख: डीओआय क्रमांक (प्रत्येक ऑनलाइन लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) असेल तर तो डीओआयच्या साइटवर टाका. उघडलाच नाही किंवा भलताच लेख उघडला तर संदर्भ बनावट. डीओआय नसेल तर त्या जर्नलच्या त्या अंकाची अनुक्रमणिका काढून पानांक जुळवा. अशा बनावट संदर्भांत लेखक खरा असतो, जर्नल खरं असतं, फक्त लेख नसतो, म्हणून नुसतं नाव ओळखीचं वाटलं म्हणून फसू नका.

टीवाय_इतिहास
खूप आभार. नेटिव्ह पेपर्समधला 'केसरी'चा उतारा घेतला तर संदर्भ 'केसरी'चा द्यायचा का?

दप्तरबंद
मूळ अंक पाहिला नसेल तर नाही. 'केसरी', अंकाची तारीख, पुढे 'उद्धृत' लिहून अहवालाचं नाव, आठवड्याची अखेरची तारीख आणि परिच्छेद क्रमांक. आणि ते इंग्रजी परत मराठीत करून अवतरणचिन्हांत घालू नका. ते शब्द 'केसरी'चे राहत नाहीत.