'दारवरची ओळख' याला दुसरा शब्द आहे का?

गिरणाकाठ: आईवर लेख लिहितेय, एका शब्दाला अडलेय. बाबा आणि त्यांचे एक सोबती एकाच मोटारसायकलवर होते, पारोळ्याच्या अलीकडे ट्रकने उडवलं, दोघंही जागीच गेले. गाडी ते काका चालवत होते. आईची नि त्या काकूंची पहिली भेट सिव्हिलच्या पोस्टमार्टम खोलीबाहेर, मग काकू आमच्याकडे दारवर आल्या, आई त्यांच्याकडे गेली आणि ते येणंजाणं अजून चालूच आहे. पण गाडी कोण चालवत होतं हा विषय दोघी काढत नाहीत. क्लेमच्या कागदावर तर आई अर्जदार नि काकू सामनेवाल्यांत. मी 'मैत्रीण' लिहिलं तर आई म्हणे, "मैतरीन नही ती, दारवरनी वळख शे." संपादक म्हणतात 'समदुःखी' करा.

तापीकर: बरोबर आहे की त्यांचं. दारवर म्हणजे सांत्वनाला जाणं हे खानदेशाबाहेर कोणाला कळणार? आता तर आपल्याकडेही निधनाच्या बातमीत 'द्वारदर्शन' छापतात.

पांझरा: द्वारदर्शन म्हटलं की मला देवळाचं दार दिसतं! आजी दारवर जायची ती पदर तोंडाला लावून, उंबऱ्यापासूनच हेल काढून रडायची, गेलेल्याचे गुण सांगत. दर्शन कुठून आलं त्यात? 'गंधमुक्ती' (सुतक फिटण्याचा विधी) पत्रिकेत चालते, मग 'दारवर'नेच काय घोडं मारलंय?

रावेरी: 'सोयरसुतक नसलेली सोबतीण' लिहा. सोयर म्हणजे सोयरा, ते नातं नाही, तरी सोबत आहे.

तापीकर: सोयर म्हणजे सोयरा नव्हे हो. सोयर जन्माचा विटाळ, सुतक मरणाचं. संस्कृतात तर 'सूतक' मुळात जन्माचंच.

गिरणाकाठ: 'समदुःखी'त 'सम' आहे तेच मला खुपतंय. आईला नुसतं दुःख आहे, काकूंना त्यावर अपराध्यासारखंही वाटतं. आमच्याकडे आल्या की पंख्याखाली बसत नाहीत, दाराजवळच बसतात, आई "आत या" म्हणते पण दुसऱ्यांदा म्हणत नाही.

पांझरा: मग 'दारवरची'च ठेवा, संपादकांना तळटीप द्या. आणि तापीकर, लोक सोयरसुतक 'संबंध' याच अर्थाने बोलतात, संस्कृतातलं मूळ काढून काय फायदा?

तापीकर: मूळ माहीत नसेल तर उद्या सुतकालाही सोयरीक म्हणाल.

रावेरी: आमच्याकडे बाळंतिणीच्या घरी पण 'सुतक आहे' म्हणतात, ते मग चूक की बरोबर?