मदत हवी आहे: सर्व्हरचंच घड्याळ सात मिनिटं पुढे गेलंय

नमस्कार मंडळी. आमच्या ऑफिसात १४ पीसी आणि एक विंडोज सर्व्हर आहे. तोच डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन तपासणारा), आणि तो हायपर-व्हीवर, म्हणजे दुसऱ्या मशीनच्या (होस्टच्या) आत व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) म्हणून चालतो.

सोमवारी सकाळी अकाउंट्सच्या ताईंना लॉगिनच होईना. पासवर्ड बरोबर. शेवटी दिसलं की त्यांच्या पीसीत ९:३२ आणि सर्व्हरवर ९:३९. कर्बेरॉसला (डोमेनमधल्या लॉगिनच्या पद्धतीला) मुळात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. पण मोबाइलशी ताडून पाहिलं तर ताईंचा पीसी बरोबर निघाला! त्यावरची टाइम सर्व्हिस बंद होती, म्हणून तो तेवढा वाचला. बाकी १३ जण सर्व्हरमागून पुढे गेलेत.

सर्व्हरवर 'डब्ल्यू३२टीएम' या विंडोजच्या वेळेच्या कमांडने सोर्स विचारला, तर 'व्हीएम आयसी टाइम सिंक्रोनायझेशन प्रोव्हायडर' आलं. म्हणजे तो होस्टकडून वेळ घेतो. आणि होस्ट त्याच डोमेनमध्ये, म्हणजे तो सर्व्हरकडून! दोघं एकमेकांनाच वेळ विचारत बसलेत, बाहेरचं खरं घड्याळ कुणालाच दिसत नाही.

माझा विचार असा: त्या व्हीएमचं टाइम सिंक बंद करायचं, फायरवॉलमधून बाहेर जाणारा यूडीपी १२३ हा वेळेसाठीचा पोर्ट उघडायचा आणि एनआयसी (नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटर) किंवा एनपीएलचा (नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी) एनटीपी सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून अचूक वेळ देणारा सर्व्हर, लावायचा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या निर्देशांतही हेच दोन आहेत.

खरी भीती पुढे आहे. घड्याळ एकदम सात मिनिटं मागे ओढलं तर बिलिंगच्या डेटाबेसमध्ये नंतरची नोंद आधीची दिसेल. हळूहळू मागे आणता येतं का? की रविवारी सगळं बंद ठेवून एका झटक्यात करू? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा.