‘मला फावलं’ आणि ‘त्याचं फावलं’

बडोद्याहून:

माझी भाची सोळा वर्षांची आहे, जन्मापासून बडोद्यात वाढलेली. ऑगस्टअखेरीस ती रोटरीच्या युवा देवाणघेवाण कार्यक्रमातून वर्षभरासाठी जर्मनीला गेली. तिथल्या एका कुटुंबात राहते, तिथल्याच शाळेत जाते. परवा घरच्या ग्रुपवर तिनं लिहिलं, “मला इथे आता फावलंय, पण रविवारी करमत नाही.” आम्हा बडोदेकरांना वाक्य लख्ख कळलं. तिच्या पुण्याच्या आत्यानं मात्र लगेच विचारलं, “कोणाचं काय फावलं गं?”

पुण्याकडच्या बोलण्यात ‘फावणे’ फार थोड्या जागी उरलेलं दिसतं. फावल्या वेळात वाचलं, चोरांचं आयतंच फावलं, एवढंच. म्हणजे सवड मिळणे, नाहीतर दुसऱ्याच्या गैरसोयीत आपला डाव साधणे. आमच्याकडे मात्र वेळ फावते, खुर्ची फावते, नवी नोकरी फावते, म्हणजे सोयीची पडते, जमून जाते. “उद्या पाचला फावेल का?” असं आम्ही डॉक्टरांनाही विचारतो. गुजरातीत ‘चालशे, फावशे, भावशे, गमशे’ (चालेल, जमेल, रुचेल, आवडेल) ही चौकडी दिवसभर कानावर पडते, तिचा परिणाम आहेच.

पण विभक्ती पाहा. ‘त्याचं फावलं’ यात षष्ठी आहे आणि अर्थात संधिसाधूपणाची छटा आहे. ‘मला फावलं’ यात चतुर्थी आहे आणि ती छटा पार गेली आहे. या दुसऱ्या रचनेला आपण मराठी मानायचं की नाही? माझं मत आधीच सांगते: मानायचं.

पुण्याहून:

ताई, हा सरळसरळ गुजराती प्रयोग आहे. बडोद्यात तो शोभतो, प्रमाण मराठीत त्याची गरज वाटत नाही. आपल्याकडे रुळणे आहे, रमणे आहे, सरावणे आहे, जमणे आहे. मुलगी ‘मी इथे रुळले’ म्हणाली असती तर कोणालाच विचारावं लागलं नसतं.

बाकी, ती राहते त्या घराला तुम्ही काय म्हणता? ‘यजमान कुटुंब’ लिहायला ठीक आहे, पण आमच्या आईच्या पिढीत ‘माझे यजमान’ म्हणजे नवरा. मूळ संस्कृत अर्थ यज्ञ करणारा, त्यावरून घरचा कर्ता, त्यावरून पाहुण्यांचं स्वागत करणारा आणि नवराही.

इंदूरहून:

आमच्या इंदुरी मराठीत अशा वेळी “मन लागतंय का तिचं?” असं विचारतात. हे हिंदीतून आलं. महाराष्ट्रात ‘अभ्यासात मन लागत नाही’ म्हटलं की लक्ष लागत नाही एवढंच कळतं, आमच्याकडे गावात, घरात, माणसांतही मन लागतं.

आणि एक. चतुर्थी सगळी गुजरातीच्या माथी मारू नये. ज्ञानेश्वरीत ‘फावणे’ हे प्राप्त होणे, लाभणे या अर्थानं येतं. एखादी गोष्ट कुणाला लाभली, कुणाला फावली, ही रचना जुन्या मराठीला परकी नाही.

बडोद्याहून:

ज्ञानेश्वरीचा उल्लेख केलात, फार बरं वाटलं. बडोद्यात दोन्ही भाषा एकाच ओट्यावर बसत आल्या आहेत. संस्थानानं १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश काढला, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’. त्यात मराठी नि गुजराती शब्द शेजारी शेजारी आहेत. कचेरीत जे शेजारी होते, ते घरात एकमेकांत मिसळले तर नवल काय?

घराबद्दल म्हणाल तर, आम्ही ‘होस्ट फॅमिली’च म्हणतो. भाची त्या बाईंना नावानं हाक मारते, तिथे तशीच पद्धत आहे. आजी त्यांना ‘तिथली मावशी’ म्हणते.

पण ‘रुळणे’ इथे चालेल, हे मला पटत नाही. रुळायला काळ लागतो. वाट रुळते ती बरीच पावलं पडल्यावर, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कोणी रुळत नाही. शिवाय रोटरीच्या या कार्यक्रमात मूल वर्षभरात साधारणपणे एकाहून जास्त कुटुंबांत राहतं. रुळेपर्यंत घर बदलायची वेळ येईल. ‘रमणे’ही नाही, कारण त्यात आनंद गृहीत आहे.

तिला काय सांगायचं होतं ते पाहा. सुरुवातीला ती बुजली होती. जेवताना “अजून घेणार?” असं विचारलं की आपल्या वळणानं आभार मानून नुसतं “डांके” म्हणायची, आणि भांडं पुढे जायचं. जर्मनीत कुणी काही देऊ केल्यावर नुसतं ‘डांके’ म्हटलं तर ते बहुधा ‘नको, आभारी आहे’ असं धरतात. हवं असेल तर ‘या, गेर्ने’, म्हणजे ‘हो, आनंदानं’, म्हणावं लागतं. आपल्याकडे पहिला नकार हा शिष्टाचार असतो, पुढचं काम आग्रह करणाऱ्याचं. तिथे पोरीच्या नकाराला नकारच समजले, त्यात त्यांचा सभ्यपणाच होता. रात्रीचं जेवण पुष्कळदा थंड: पाव, चीज, काकडी. पोटभर जेवूनही आपण जेवलो असं तिला वाटायचं नाही. आता ती ‘या, गेर्ने’ म्हणते, पावाला काय लावायचं ते तिला कळलंय, शाळेची बस चुकली तर पुढची कोणती ते ठाऊक आहे. हे सगळं मिळून ‘फावलं’. हात बसला, अडायचं थांबलं. मनाचं काय, ते या शब्दात येतच नाही.

म्हणून तर तिला पुढे ‘पण’ लिहावं लागलं. फावणं व्यवहाराचं, करमणं वेळेचं. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, गल्लीत सामसूम असते. संध्याकाळी सातला तिला घरी बोलावंसं वाटतं तेव्हा इथे साडेदहा वाजलेले असतात आणि आजी झोपलेली असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे गेली की अंतर साडेचार तासांचं होईल. मधल्या नवरात्राबद्दल तर मी तिच्याशी अजून बोललेच नाही. सोळा वर्षांच्या मुलीनं एका ओळीत या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या, त्या ‘रुळले’ या एका शब्दात बुडाल्या असत्या. मला तिची ओळ एका अक्षरानंही बदलावीशी वाटत नाही.

पुण्याहून:

हा फरक मान्य. ‘करमणे’बद्दल एक भर घालतो: ते बहुतेक नकारात किंवा प्रश्नातच भेटतं. “करमत नाही”, “करमतं का?” करमतंय असं आपणहून क्वचितच कोणी सांगतं. करमायला लागलं की माणूस बोलायचंच थांबतो. ‘फावलं’ मात्र होकारात सांगता येतं, हा त्याचा मोठा गुण.

बडोद्याहून:

अगदी खरं. आता एक विचारायचं राहिलं. नवापूर-नंदुरबारकडे, किंवा डहाणू-तलासरीच्या बाजूला, ‘मला फावतं’ घराघरांत बोलतात का? तिथली मंडळी असतील तर वाक्यं जशीच्या तशी लिहा, विभक्तीसकट.