युव्हिआयटिस: ॲडालिम्युमॅबला एवढा उशीर का?

दृष्टिक्षेप:
बालसंधिवातातल्या युव्हिआयटिसमध्ये (डोळ्याच्या आतल्या दाहात) मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध पुरं पडत नसेल, तर ॲडालिम्युमॅब (दाह वाढवणारं टीएनएफ हे प्रथिन अडवणारं बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींत बनवलेलं इंजेक्शन) लगेच जोडावं. या मुलांचा डोळा लाल होत नाही, दुखतही नाही. कळेपर्यंत बाहुली भिंगाला चिकटलेली असते. २०१७ च्या सायकामोर चाचणीत नुसत्या मेथोट्रेक्सेटवर ६० टक्के मुलांत उपचार फसला, ॲडालिम्युमॅब जोडल्यावर २७ टक्के. तरी महिनोन्महिने स्टिरॉइडचे थेंब चालूच. मोतीबिंदू, काचबिंदू त्यातूनही येतात.

मात्रा_पथ्य:
मुलांपुरतं मान्य. मोठ्यांना तीच फूटपट्टी नको. फास्ट चाचणीत (२०१९, भारतातले रुग्णही होते) आठवड्याला २५ मिग्रॅ मेथोट्रेक्सेटवर सहा महिन्यांत ६७ टक्क्यांना गुण आला. इथे १५ मिग्रॅवर दोन महिने काढायचे आणि ‘लागू पडत नाही’ म्हणायचं! शिवाय टीबी. टीएनएफ अडवलं की दबलेला क्षय उसळतो. आणि दाहच मुळात टीबीचा असेल तर? पडद्यावर सर्पिजिनससारखे (नागमोडी पसरणारे) डाग असताना बायोलॉजिकची घाई महागात पडते.

दृष्टिक्षेप:
मग तपासा ना! इग्रा (क्षयाची रक्तचाचणी), मॅन्टू (त्वचेवरची चाचणी), छातीचा सीटी. सोबत हिपॅटायटिस बी, एचआयव्ही, सिफिलिस. सुप्त क्षय निघाला तर आयसोनियाझिड हे क्षयाचं औषध सुरू करून निदान महिन्याने पहिलं इंजेक्शन.

मात्रा_पथ्य:
प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या मोठ्या डोसवर इग्रा आणि मॅन्टू दोन्ही खोटे निगेटिव्ह येऊ शकतात, म्हणून रक्त शक्यतो आधी काढावं. इंटरमिजिएट प्रकारात (डोळ्याच्या मधल्या भागातल्या दाहात) मेंदूचा एमआरआयही हवा. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू-मज्जारज्जूचा आजार असेल तर ॲडालिम्युमॅब बाद.

शीतपेटी:
खरा घोळ पुढे होतो. बायोलॉजिक लागू पडलं की मेथोट्रेक्सेट बंद करतात, मग ॲडालिम्युमॅबविरुद्ध, ते निकामी करणाऱ्या अँटिबॉडी तयार व्हायला मोकळं रान. मोठ्यांना आधी ८० मिग्रॅ, आठवड्याने ४०, मग दर पंधरवड्याला ४०. ३० किलोखालच्या मुलांना पंधरवड्याला २०. पंधरवड्याच्या शेवटी दाह डोकं वर काढत असेल तर पुढच्या इंजेक्शनआधी औषधाची रक्तातली पातळी बघा. पातळी कमी पण अँटिबॉडी नाहीत, तर दर आठवड्याला द्या. अँटिबॉडी भरपूर असतील तर औषध बदला. एटानरसेप्ट या टीएनएफ अडवणाऱ्या दुसऱ्या औषधाकडे मात्र वळू नका. सांध्यांना चालतं, डोळ्याला नाही. इंजेक्शनचं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठलं की फेकायचं.

दृष्टिक्षेप:
मेथोट्रेक्सेट चालू ठेवण्याबद्दल सहमत. पण मुलांत दोन्ही एकदम थांबवू नयेत, हेही जोडा. ॲडजस्ट चाचणीत डोळा शांत असताना ॲडालिम्युमॅब थांबवलं, तेव्हा ६८ टक्क्यांत आजार उलटला. चालू ठेवलेल्यांत १४.

मात्रा_पथ्य:
त्याच चाचणीत उलटलेले पुन्हा औषध सुरू केल्यावर सावरलेही. म्हणजे थांबवून बघता येतं, तपासणी मात्र एकही चुकवायची नाही.