विजयदुर्ग – गुडघे दुखणाऱ्या बाबांना जुनी गोदी दाखवायची आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी, डिसेंबरात आई-बाबांना घेऊन विजयदुर्गला जायचं चाललंय. बाबा माझगावला गोदीत फिटर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण अजून जहाज म्हटलं की कान टवकारतात, आणि कुठेतरी वाचलंय त्यांनी की विजयदुर्गच्या खाडीत मराठ्यांच्या आरमाराची जहाजं दुरुस्त करायची सुकी गोदी आहे, तेव्हापासून एकच धोशा, किल्ला नाही दाखवलास तरी चालेल पण गोदी दाखव. आता अडचण अशी की नेटवर जो तो किल्ल्याचे ड्रोन व्हिडिओ टाकतो, गोदीबद्दल दोन ओळींच्या पुढे कोणी काही लिहीत नाही.

बाबांचे गुडघे दुखतात, सपाटीवर काठी घेऊन चालतात, पायऱ्या सावकाश चढतात, पण होडीत चढ-उतर जमणार नाही, म्हणूनच सिंधुदुर्ग किल्ल्याचा विचार सोडलाय. गोदीपर्यंत गाडी जाते का? कधी गेलं तर नीट दिसते? किल्ल्यात त्यांना कितपत फिरवता येईल? आणि भाची सोबत आहे, नववीतली, तिला शाळेत सांगितलंय की हेलियमचा शोध विजयदुर्गला लागला, ते खरं का? ठाण्याहून रेल्वेने येऊ, स्टेशन कुठलं धरू तेही सांगा.

खाडीकाठचा:
स्टेशन कणकवली नाहीतर राजापूर रोड, तिथून गाडी ठरवा. एसटी आहे, विजयदुर्गचा स्टँड किल्ल्याच्या अगदी जवळ आहे, पण बाबांना घेऊन बदलाबदली नको. कणकवलीहून आलात तर हायवेने तळेऱ्यापर्यंत आणि मग डावीकडे वळून विजयदुर्ग रस्ता, वळणावळणाचा आहे, गाडी लागणारं कोणी असेल तर गोळी आधीच द्या.

किल्ल्याला होडी लागत नाही, तीन बाजूंना पाणी आणि एका बाजूने जमीन, पूर्वी तिथे खंदक होता. म्हणजे तुमचा अर्धा प्रश्न सुटला. आतली वाट बरीचशी सपाट, पण तटावर चढायच्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या, त्या बाबांना नकोच. काही ठिकाणी तटाची पडझडही झालीये, भाचीला कडेला जाऊ देऊ नका. खालून फिरून सदर, कोठारं, 'खूब लढा' बुरूज एवढं सावकाश बघितलंत तरी दीड-दोन तास जातात. सकाळी लवकर जा, नंतर जांभा तापतो.

तांडेल_देवगड:
गोदीचा सांगतंय. भांगाक गेलात तर कायएक दिसूचा नाय, उधाणाच्या सुकतीक जावा.

खाडीकाठचा:
तांडेलांनी एका ओळीत सांगितलं, मी जरा फोड करून सांगतो कारण ठाणेकरांना कळणार नाही :) उधाण म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराची मोठी भरती-ओहोटी, भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान, आणि सुकती म्हणजे ओहोटी.

गोदी किल्ल्यापासून तीनेक किलोमीटर आत, वाघोटन खाडीच्या काठाला, गिर्ये गावच्या बाजूला. किल्ल्याचं जुनं नाव घेरिया ते या गिर्येवरूनच. साधारण साडेतीनशे फूट लांब आणि सव्वादोनशे फूट रुंद, काही बाजू खडक तासून केलेल्या आणि बाकी बांधकाम. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की तोंड बंद करायचं, जहाज कोरडं, मग तळाची साफसफाई, फळ्या बदलणं, सांधे भरणं. पंप नाही काही नाही, सगळं काम समुद्राकडून करून घेतलं. तुमच्या बाबांना हे मी सांगायची गरज नाही, तेच तुम्हाला सांगतील. आता मात्र गाळ भरलाय, त्यामुळे भरती असताना गेलात तर खाडीचा एक चौकोनी कोपरा दिसेल आणि बाबा म्हणतील यासाठी आणलंस का.

वेळेचा हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तेवढ्या वाजता साधारण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती सकाळी अकराच्या आसपास आणि पूर्ण ओहोटी संध्याकाळी पाचच्या सुमारास. हा अंदाज मुंबईकडचा, आमच्याकडे थोडं आधीच होतं, म्हणून चारलाच पोचा. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते खरी पण ते भांगाचं पाणी, फार उतरत नाही. तेव्हा तारीख कॅलेंडरच्या सुट्ट्या बघून नाही, तिथी बघून ठरवा.

गाडी बरीच जवळ जाते, शेवटचं थोडं पायी आहे, झाडोरा किती वाढलाय ते गावात विचारूनच निघा. चिखलात उतरू देऊ नका, काठावरून बघा.

मीठभाकर:
हेलियमबद्दल. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास सूर्यग्रहण विजयदुर्गवरून दिसलं होतं, ते बघायला वापरलेले ओटे किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' म्हणून दाखवतात, दर वर्षी 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. पण इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर विजयदुर्गला बसून हेलियम शोधत होता हे भाचीला सांगू नका. त्या ग्रहणाच्या वेळी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, आणि लॉकियरने ऑक्टोबरात इंग्लंडातूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या वर्णपटात हेलियमची पिवळी रेषा बघितली. ओटे जरूर दाखवा, शोध दाखवू नका.

खाडीकाठचा:
@मीठभाकर आमच्या गावच्या ओट्यांवर तुमचा राग दिसतोय :) पण मुद्दा बरोबर आहे.

मीठभाकर:
राग कसला, विजयदुर्गला सांगण्यासारखं एवढं आहे की उसनं मोठेपण कशाला हवं. कान्होजी आंग्र्यांच्या काळात इंग्रज आले, डच आले, हात हलवत परत गेले. फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाइव्हने किल्ला घेतला तेव्हा तुळाजी आंग्र्यांची जहाजं एकमेकांना खेटून बांधलेली होती, इंग्रजांकडूनच पूर्वी पकडलेल्या एका जहाजाला आग लागली आणि ती पसरत जाऊन सगळं आरमार जळालं. आणि हे पेशव्यांच्या संमतीने, ते जास्त झोंबतं. पुढे किल्ला पेशव्यांकडे आला, पेशव्यांचे आरमारप्रमुख धुळपांनी आरमार पुन्हा उभं केलं, 1783 मध्ये आनंदराव धुळपांनी रत्नागिरीजवळ इंग्रजांचं रेंजर जहाज पकडलं. गोदीच्या काठावर उभं राहून भाचीला हे सांगा.

किल्ल्याजवळ समुद्रात पाण्याखाली एक भिंत आहे, तिच्याबद्दलही बाबा विचारतील. गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी तिची पाहणी केलीये, पण किनाऱ्यावरून काही दिसत नाही, त्यासाठी तटावर चढवू नका त्यांना.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार! बाबांना तिथीचं सांगितलं तर लगेच भिंतीवरचं कॅलेंडर काढून बसले, अमावास्येचा आदला दिवस पक्का केलाय त्यांनी. म्हणजे चौदाची पाऊणपट साडेदहा, ओहोटी साडेचारला, बरोबर ना? सकाळी किल्ला, दुपारी आराम, साडेतीनला गोदीकडे. गिर्येचं रामेश्वर मंदिर मध्ये बसेल का?

खाडीकाठचा:
हिशोब बरोबर. रामेश्वर बसवा पण दुसऱ्या दिवशी निघताना, कारण देवळात जायची वाट जांभ्याच्या कातळात खोदून काढलेली उतरण आहे, बघण्यासारखी, पण उतरलेलं परत चढावं लागतं. एकाच दिवशी किल्ला, गोदी आणि ती चढण असं केलंत तर रात्री गुडघे बोलतील. मुक्काम विजयदुर्गातच करा, घरगुती सोय मिळते, जेवण मात्र सकाळीच सांगून ठेवा, मासे त्या दिवशी जे येतील ते. आई शाकाहारी असतील तर तेही आधी सांगा.

तांडेल_देवगड:
येताना बाबांका टोपी आणि जुनी चप्पल आणूक सांगा. ते काय काठार रवूचे नाय.