‘कुरा’ म्हणजे पाद्री, फादर की धर्मगुरू?

बोरूबहाद्दर: स्पॅनिशच्या वर्गात परवा भाषांतराला वाक्य आलं, ‘एल पुएब्लो नो तिएने कुरा’. मी लिहिलं, ‘गावात पाद्री नाही.’ शेजारणीने लिहिलं, ‘गावावर काही इलाज नाही.’ दोन्ही बरोबर! ‘एल कुरा’ पाद्री, ‘ला कुरा’ इलाज. आपला तो हार आणि ती हार, तसंच. वाक्यात नेमकं ‘एल-ला’ गायब. पण बाईंनी माझा पाद्री खोडून ‘धर्मगुरू’ केलं. का? पोपही धर्मगुरू, दलाई लामाही धर्मगुरू, आणि चार वाड्यांच्या गावातला हाही? पाद्री पोर्तुगीज ‘पाद्रे’वरून आलेला, मराठीत मुरलेला शब्द आहे.

वसईची लेक: मुरलाय तुमच्याकडे. आमच्याकडे समोर ‘फादर’, छापताना ‘धर्मगुरू’. पाद्री म्हणणारे बहुधा बाहेरचे, आणि बरेचदा नाक मुरडून. आमच्या घरातल्या एकाही लग्नपत्रिकेत पाद्री नाही.

बोरूबहाद्दर: नाक मुरडणाऱ्याचं, शिक्षा शब्दाला?

तिरपागडा: मुळात लॅटिन ‘कुरा’ म्हणजे काळजी, निगा. पॅरिशमधल्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या, लोकांच्या आत्म्यांची निगा ज्याच्याकडे, तो कुरा. इलाजही त्याच मुळातला, त्यामुळे शेजारीणबाई फार लांब गेल्या नव्हत्या. १६ सप्टेंबर १८१० रोजी मेक्सिकोत दोलोरेस गावी स्पॅनिश राजवटीविरुद्ध उठावाची हाक दिली ती तिथल्या कुराने, मिगेल इदाल्गोने. लोक अजून ‘एल कुरा इदाल्गो’ म्हणतात. ‘इदाल्गो पाद्री’ म्हणा, चिडवल्यासारखं वाटतं. ‘धर्मगुरू इदाल्गो’ म्हणा, माणूस एकदम पालखीत बसतो. ब्युनॉस आयर्सच्या झोपडपट्ट्यांत राहून काम करणाऱ्यांना तर ‘कुरास वियेरोस’, म्हणजे वस्तीतले कुरा, म्हणतात. त्यांना धर्मगुरू म्हणवेल का? माझं मत फादरला.

बोरूबहाद्दर: म्हणजे स्पॅनिशमधून मराठीत यायचं ते इंग्रजीवरून वळसा घालून. पोर्तुगीज तेवढा परका!

वसईची लेक: बटाटाही पोर्तुगीजच, रोज खातो. पण बटाट्याला हाक मारायची नसते हो. माणसाला मारायची असते, तर त्याला काय आवडतं ते आधी विचारावं.

बोरूबहाद्दर: हाक मारताना फादरच म्हणेन. पण कुरा ही हाक नाही. हाकेला स्पॅनिशमध्ये ‘पाद्रे’ आहे. मी गावात कोण नाही ते सांगतोय.

वसईची लेक: मग लिहा, ‘गावाला फादर नाही’. आम्ही असंच म्हणतो.

खडूस: स्पॅनिश बोलीत ‘एस्ते कुरा’, म्हणजे ‘हा कुरा’, असं माणूस गमतीने स्वतःलाच म्हणतो. करा भाषांतर: ‘हा कुरा काही भांडी घासणार नाही.’ पाद्री घाला, फादर घाला, धर्मगुरू घाला. तिन्ही आडवे.

बोरूबहाद्दर: ‘अस्मादिक भांडी घासणार नाहीत.’ बाकी पाद्री खोडणार नाही.