आठवण गेली म्हणजे जाणीव गेली?

काही जण म्हणतात की आठवण गेली की जाणीवही जाते, ते काही पटत नाही बुवा. हेन्री मोलेसन नावाच्या अमेरिकन माणसाचं १९५३ मध्ये फिट्ससाठी ऑपरेशन झालं, मेंदूतला हिप्पोकॅम्पस (नव्या आठवणी पक्क्या करणारा भाग) दोन्हीकडचा बराचसा काढला, मग नवीन काही लक्षातच राहीना, पण गप्पा, विनोद सगळं चालू, आणि आरशात बघून चांदणी गिरवायला दिली तर दिवसागणिक हात सुधारत गेला, याला मात्र दर वेळी वाटायचं की पहिल्यांदाच करतोय.

आमचे ओझरचे मामा आता महिना कोणता ते विसरतात (भाच्यांची नावं तर कधीच गेली), पण ऑक्टोबर छाटणीला हातात कात्री दिली की द्राक्षाच्या काडीवरचे डोळे (कोंब फुटतात त्या जागा) बघून ती बरोब्बर कापतात. कसं जमतं विचारलं तर चिडतात!